हलगी थांबली तेव्हा

पाटोदा
शुक्रवार, २ जानेवारी २०२६

प्रिय भागवत,

पत्र बघून दचकू नकोस, इकडं सगळे ठणठणीत आहेत. हातात फोन असताना रहीमला लिहायची कुठली हुक्की आली, असं तू विजयमालावहिनींना म्हणशील, तेही मला इथं बसून ऐकू येतंय. पण फोनवर तुझं एक ठरलेलं आहे. मी रविवारचा विषय काढला की तू "बघू" म्हणतोस, मग कंपनीतल्या शिफ्टचं सांगतोस, मग तुझ्यामागं कुकरची शिट्टी होते आणि "ठेवतो बे" म्हणून तू मोकळा. कागद असा ठेवून देता येत नाही. म्हणून भर दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून बसलोय. शिवाय जे बोलायचं आहे ते फोनवर माझ्याच तोंडून निघत नाही, हे दुसरं कारण. ते सावकाश येऊ दे.

विषय एकच. अकरा तारखेला आपल्या गावच्या यात्रेचा फड आहे. त्यातली शेवटची, मानाची कुस्ती तुझ्या तेजश्रीची आहे, आष्टीच्या आरोहीबरोबर. आपल्या यात्रेत मानाची कुस्ती पोरींची लागायची ही पहिलीच वेळ. आणि तू येत नाहीस. लेकीनं विचारलं, बायकोनं विचारलं, सुभद्राक्कानं, तुझ्या सख्ख्या बहिणीनं, डोळ्यांना पदर लावून विचारलं, तरी येत नाहीस. सव्वीस वर्षं झाली, तू वाळूजला गेलास तो कुठल्याच फडाच्या कडेला उभा राहिला नाहीस. आता मी विचारतोय, आणि नुसतं विचारून थांबणारा मी नव्हे, हे तुला ठाऊक आहे.

ही कुस्ती शेवटाला कशी लागली ते आधी ऐक. यात्रा कमिटीचे अध्यक्ष यंदाही सुंदररावच. मारुतीच्या पारावर बैठक बसली. मी तेजश्रीचं नाव काढलं तर सुंदरराव म्हणाले, "रहीमभाई, पोरींची कुस्ती लावू की, कोण न्हाई म्हणतंय? चौथी-पाचवी लावू. शेवटाला लावली तर लोक उठून जात्याल." मी म्हणालो, "सुंदरराव, गेल्या साली तुमी स्टेजवर हार घालून घेत होता. मी माझ्या साऊंडच्या मशिनीपाशी बसलतो. तेजश्रीची कुस्ती लागली आन् फडाचा आवाज चढला. निकाल लागला आन् आवाज निम्म्यावर आला. लोक उठले ते तवा उठले, चहाला. तुमच्या शेवटच्या जोडीला टाळ्या वाजवायला निस्ती कमिटी उरलती." पार हसला. सुंदररावही हसले, पण अध्यक्षाला एकदम हार मानता येत नाही ना, म्हणून म्हणाले, "तुमाला काय दिसलं बे तिथून?" मी म्हणालो, "दिसायचं काय त्यात? ऐकू आलं." त्यावर कोपऱ्यातून आपले म्हातारे वस्ताद बोलले, "रहीमचा कान हाय त्यो. लावा शेवटाला." झालं, ठराव पास. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि माझी मान तेवढी खाली गेली. का, ते पुढं येईलच.

तू म्हणशील, बघतो की मोबाईलवर. बघतोस, मला माहीत आहे. आमचा रईसच फड लाइव्ह दाखवतो. पोरगा हुशार आहे, तीन कॅमेरे लावतो, डाव पुन्हा पुन्हा हळू करून दाखवतो. पण भागवत, मी खेळाचा शौकीन माणूस. चार घास सुखाचे मिळायला लागले तेव्हा ठरवलं, जे खेळ टीव्हीवर बघतो ते एकदा तरी जाऊन, समोर बसून बघायचे. मुंबईला वानखेडेवर गेलो. पार वरच्या रांगेत जागा मिळाली. तिथं मला एक गंमत कळली. बॅट चेंडूला लागलेली आधी दिसते आणि टक् असा आवाज मागून येतो. टीव्हीत दोन्ही एकदम येतात, म्हणजे टीव्ही खोटं सांगतो की! शेजारच्या साहेबाला मी हे सांगितलं तर तो मोठ्या पडद्यावर बघत होता. एवढ्या लांबून येऊन पुन्हा पडद्यावरच बघणारी माणसं पाहिली आणि मला माझ्या पाटोद्याचा अभिमान वाटला. शंकरपटही पाहिला. बैलजोडी दिसायच्या आधी तळपायाला कळते, जमीन थरथरते, आणि डोळ्यात धूळ जायच्या आत सगळं संपलेलं असतं. केजला कबड्डी पाहिली. चढाईवाल्याचा दम कुठं संपतोय ते कडेला बसलेल्याला त्याच्या आधी कळतं. हे सगळं ज्यानं त्यानं एकदा जाऊन बघावं. पण यातल्या कशालाही मी आपल्या फडाच्या शेजारी बसवणार नाही.

आठव जरा. सकाळपासून हौद्यातली माती खणतात, चाळतात, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मिसळतात. दुपारच्या उन्हात तो वास उठतो तो मोबाईलमधून येतो का? मग रेवड्यांच्या कुस्त्या. पाच-सहा वर्षांची चिल्लीपिल्ली लंगोट सावरत येतात, एक पडतं, एक पाडतं, दोघांच्याही मुठीत रेवड्या. मी त्या रेवड्यांसाठी सात वर्षं ओळीनं पडलो, तुला माहीत आहे, पडणाऱ्यालाही सारख्याच मिळायच्या. मग जोड लावायची वेळ. पंच दोघांना शेजारी उभं करतात, दंड चाचपतात, दोघांचे हात धरून वर करतात आणि फडाला फेरी मारवतात. आणि फड बोलतो! "अय पंच, ह्यो त्याच्या बापाच्या वयाचा हाय की!" "राहू द्या, बापाला पण लागू द्या माती!" जोड बरोबर लागली का नाही हे ठरवणारे पाच हजार पंच. पुढच्या रांगेत फेटे बांधलेले जुने पैलवान, कान चुरगळलेले, गुडघे गेलेले, पण पोरगं चुकलं की ह्यांचाच खांदा हलतो. आणि या सगळ्याच्या खाली हलगी. सलामीला एक ठेका, हात अजमावत चाललेल्या खडाखडीला दुसरा, पाय खेचून पट काढला की लय दुप्पट, आणि पाठ मातीला लागली की एकदम बंद. एक श्वासभर पूर्ण बंद. मग विजयाचा ठेका. तो जो मधला एक श्वास आहे ना भागवत, पाच हजार माणसांनी मिळून गिळलेला, तो कुठल्याच कंपनीच्या मशीनमध्ये भरता येत नाही. मी भरून बघितलाय. रेकॉर्डिंगमध्ये तिथं नुसतं काहीच नाही असं वाटतं.

माझी सगळी कमाई कानावरची. चौथीत शाळा सुटली, अम्मीनं, आमच्या मदिनाबीनं, पाटोद्याच्या स्टँडसमोर एका टपरीत रेडिओवाल्याच्या हाताखाली बसवलं. तुझ्या बापूंचा ट्रान्झिस्टर तूच घेऊन यायचास, आणि मी पाठीमागचं झाकण न उघडताच सांगायचो की कुठला भाग गेलाय. तू ते सगळ्या तालमीत सांगत फिरलास. खरं सांगू का, माझ्या कानाची पहिली जाहिरात तू केलीस. पुढं मी अम्मीच्या नावानं मदिना साऊंड काढलं, दोन भोंगे, एक मशीन, एक बॅटरी. आज जिल्ह्यात लिंबागणेशपासून अंबाजोगाईपर्यंत माझे बॉक्स जातात, रईसनं डीजे आणलाय, तरी लोक अजून तेच म्हणतात. रहीमचा कान. लग्नात गेलो तरी कुणीतरी मोटार चालू करून विचारतं, "चाचा, ऐका बरं, बेअरिंग गेली का?"

त्या काळी मशीन फडाच्या तोंडावर ठेवत नसत. धूळ जाते म्हणून स्टेजच्या मागं, कनातीच्या आड माझी बैठक असायची. म्हणजे मी सात-आठ वर्षं फडात होतो आणि एकही कुस्ती डोळ्यांनी पाहिली नव्हती. पण ऐकून सगळी कळायची. हलगी सांगायची, फड सांगायचा. निवेदन करणारे गुरुजी जरा थकले की माईक मागं माझ्याकडं यायचा, आणि मी कनातीआडून कुस्ती सांगायचो. लोकांना तो चमत्कार वाटायचा. "न बघता सांगतो बे!" मलाही ते आवडायला लागलं. तरुण होतो. पुढं मी टेबल कनातीआडून काढलं आणि हौद्याच्या काठावर आणलं, आणि एक नियम केला, पंचाचा हात वर गेलेला डोळ्यांनी दिसल्याशिवाय माझ्या माईकवरून निकाल जाणार नाही. आज आजूबाजूचे सगळे साऊंडवाले हाच नियम पाळतात. लोकांना वाटतं, रहीमनं धंद्याला शिस्त लावली.

तर तेजश्री. गेल्या वर्षीची तिची कुस्ती तू आवाज बंद करून बघितलीस, हे मला वहिनींनी सांगितलं. मी तुला ती आवाजासकट सांगतो. पोरगी हौद्यात उतरली तेव्हा फडात थोडी कुजबुज होती. मागून एकजण बोलला, "ही कुणाची बे?" दुसरा म्हणाला, "भागवत पैलवानाची." आणि भागवत, ती कुजबुज तिथल्या तिथं थांबली. सव्वीस वर्षं झाली, पण तुझं नाव त्या मातीत अजून एवढं चालतं. तिनं मातीला हात लावला, कपाळाला लावला, समोरच्या पोरीच्या हातावर चिमूटभर टाकली. खडाखडीत तिचे पाय ऐकण्यासारखे आहेत. बाकीच्या पोरी माती तुडवतात, ही माती चाचपते. तुझेच पाय, शपथेवर सांगतो. आठव्या-नवव्या मिनिटाला समोरचीनं मानेवर हात टाकला, आणि हिनं वाट बघितली. पुढच्या रांगेतला एक फेटा ओरडला, "काढ की पट, काय नवरीवानी उभी राह्यलीस!" हिनं नाही काढला. आणखी थोडं थांबली. समोरचीचा श्वास जरा मोठा झाला, तो मला काठावर ऐकू आला, म्हणजे तिला आला असणारच, आणि तेवढ्यात हिनं पट काढून, वळवून, पाठ मातीला लावली. हलगी बंद. तो एक श्वास. आणि मग जो आवाज उठला, भागवत, पाटोद्याचा बाजार एका वेळी ओरडावा तसा. बायका ओरडत होत्या. फडाला बायका कधी आल्या होत्या रे? गेल्या वर्षी तीनशे असतील. एक म्हातारी माझ्या टेबलाला धरून उड्या मारत होती, मशीन पडेल म्हणून मी एक हात मशीनला आणि एक हात तिला धरून उभा. आणि तुझी लेक काय करत होती? खांद्यावर घ्यायला लोक धावले, तर ती मान वर करून गर्दीवरून नजर फिरवत होती. कडेकडेनं, सगळीकडं. मी तिला विचारलं नाही की कुणाला शोधतेस. विचारायला काय मी आंधळा आहे?

परवा, बुधवारी, ती दुकानात आली. सुभद्राक्काकडं उतरलीय, सकाळी शिवारात पळते, संध्याकाळी आपल्या जुन्या तालमीत सराव करते. आली ती बॉक्सवर बसली आणि म्हणाली, "चाचा, तुमी पप्पाचे दोस्त. पप्पा कावून येत न्हाईत ते तुमाला ठाव असंल." मी तुझ्या शिफ्टचं सांगायला लागलो. ती म्हणाली, "ते मला पण सांगत्यात. खरं सांगा." मग तिनंच सांगितलं. दिवाळीत तिनं तुला फार धरलं तेव्हा तू तिला म्हणालास म्हणे, "बाळा, माझ्या कानात दोष हाय. मला पडायच्या आधी पडल्याचं ऐकू आलतं. फडात येऊन बसलो आन् तू वर असताना मला तू पडल्याचं ऐकू आलं तर मी काय करू?" म्हणून तू मोबाईलचासुद्धा आवाज बंद ठेवतोस. ती हे सांगताना रडली नाही, तुझीच पोरगी. पण मला म्हणाली, "चाचा, तुमचा कान सगळ्यात पक्का. तुमी पप्पाला समजवा ना, की तसं काय नसतंय." मी तिला चहा पाजला. तिचा चहा संपला, माझा तसाच राहिला. तिला म्हणालो, तू सराव कर बाळा, मी तुझ्या पप्पाला लिहितो.

तुझ्या त्या कुस्तीबद्दल आपण सव्वीस वर्षं बोललो नाही. एकदाच बोललो, त्याच संध्याकाळी, तुमच्या विहिरीच्या कठड्यावर, तुझ्या अंगाची माती अजून सुकलेली नव्हती. गावाला जे माहीत आहे ते असं. पौषातली यात्रा, दिवस कललेला, शेवटची कुस्ती, तू आणि नांदूरघाटचा बजरंग. अर्धा तास कुणी कुणाला हलवेना. मग बजरंगनं तुझा कब्जा घेतला, तू खाली. मग मोठी ओरड झाली, आणि तू पडलास. पंचानं शिट्टी मारली, बजरंगला गदा मिळाली, तू पुढच्या महिन्यात वाळूजला गेलास. लंगोट सुभद्राक्काच्या पेटीत राहिला. बजरंग सरळ माणूस, त्यानं काही वाकडं केलं नाही, अजून भेटला की तुझी आठवण काढतो, म्हणतो, "त्या दिवशी भागवत मला आवरत नव्हता, आन् एकाएकी ढिला पडला. कळलंच न्हाई." विहिरीवर तू मला एवढंच विचारलंस, "रहीम, तू आधी बोललास का मी आधी पडलो?" आणि मी म्हणालो, "तू पडल्यावरच बोललो बे. पडणाऱ्याला असंच वाटतं." तू दंडावरची माती पुसलीस. मग म्हणालास, "तुझा कान म्हणतो तर तसंच असंल."

आता ऐक, यासाठीच हे पत्र. गुरुजींचा घसा बसलेला, माईक माझ्याकडं, मी कनातीच्या आड. बजरंगनं तुझा कब्जा घेतल्याचं मला हलगीवरून कळलं. मग फडात एवढी मोठी ओरड झाली की बांबूवरचे भोंगे हलले, आणि त्याच क्षणी हलगी थांबली. हलगी थांबली म्हणजे पाठ मातीला लागली, माझ्यासाठी दुसरा अर्थच नव्हता. मी माईकवर म्हणालो, "नांदूरघाटच्या बजरंगनं भागवतला चितपट केलं!" आणि आयुष्यात पहिल्यांदा, काय वाटलं कोण जाणे, कनात बाजूला सारून बघितलं. तू वर होतास, भागवत. ओरड तुझ्यासाठी होती, तू खालून निसटून त्याच्यावर आला होतास, त्याचा खांदा मातीपासून वीतभर होता. आणि हलगीवाला रामकिसन पलीकडं चिंचेखालच्या जाळाकडं निघालेला. गारठ्यानं चामडं सैल पडलं, म्हणून हलगी शेकायला तो मधूनच उठला होता, एवढंच. तू भोंग्याकडं मान वर केलीस. स्वतःचं नाव हरलेलं ऐकलंस आणि तुझे हात सुटले, पंचानं निकाल दिला असं तुला वाटलं असणार. तेवढ्यात बजरंगनं तुला उलटवलं. सगळं इतक्या पटकन झालं की फडाला वाटलं, पडला आणि भोंगा बोलला. आधी भोंगा बोलला, हे ठाऊक असलेला मी एकटा. संध्याकाळी तू विचारलंस तेव्हा खरं बोललो असतो तर गाव मला दोन शिव्या देऊन विसरलं असतं, कदाचित कुस्ती पुन्हाही लागली असती. पण माझं नुकतं नाव होत होतं, आणि कानाशिवाय माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. मी माझा कान वाचवला आणि तुझा कान खोटा पाडला. त्या कानावर मी घर बांधलं, आणि तू घरात मोबाईल मुका करून लेकीची कुस्ती बघतोस. अकरा तारखेला रेवड्यांच्या कुस्त्या लागायच्या आधी मी हे सगळं माईकवरून गावाला सांगणार आहे, वस्तादांसमोर, सुंदररावांसमोर. तू असलास तरी, नसलास तरी. पण आधी ऐकायचा हक्क तुझा, म्हणून तेजश्रीलाही अजून सांगितलेलं नाही. माफी मी कागदावर मागत नाही, ती फार स्वस्तात मिळेल. तू ये. माझी गचांडी धरायची असेल तर धर, फडाच्या मधोमध धर, पण मग कडेला बस आणि पोरीची कुस्ती कानांनी ऐक, डोळ्यांनी बघ. तुझ्या कानात दोष नव्हता. तू त्या दिवशी बरोबर ऐकलंस. आधी मी बोललो, मग तू पडलास.

तुझाच, तू अजून म्हणू देशील तर,
रहीम